थेंबांचं कूळ

मुदखेड तालुक्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याचं लेकरू आईच्या मांडीवर येतं, तेव्हा आईचं सगळं लक्ष सुयांकडे असतं. पेंटाची सुई, न्यूमोनियाची सुई, मग रात्री येणारा ताप आणि सिस्टरने दिलेली पॅरासिटामॉल. या सगळ्यात तोंडावाटे दिलेली लस कुणाच्या ध्यानातही राहत नाही. पोलिओचे दोन थेंब तेवढे माहीत असतात. त्यांच्या बरोबरीने रोटाव्हायरसचीही लस दिली जाते. केंद्रावर कोणत्या कंपनीची कुपी आली आहे त्यानुसार कधी पाच थेंब, कधी दोन-अडीच मिली. पुष्कळ आया तिलाही पोलिओच समजतात. लेकरू रडत नाही, सूज येत नाही, म्हणून तिची गोष्टही कुणी सांगत नाही. मला मात्र आपल्या लसीकरण कार्डावरच्या सगळ्या नोंदींत हिचं कूळ सर्वांत विलक्षण वाटतं, कारण त्याच्या मुळाशी एक निरोगी तान्हं बाळ आहे.

आधी आजाराकडे बघू. मराठवाड्यात तान्ह्या लेकराला हिवाळ्यात उलट्या आणि पाण्यासारखी हगवण लागली की जुन्या बायका सांगत, दात यायला लागलेत. सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतच्या या हगवणीला ‘दाताची हगवण’ म्हणत आणि तिला औषध नसतं असंही मानत. काही घरांत दृष्ट काढत, काही घरांत बाळगुटीचं प्रमाण वाढवत. पाणी आणि दूध तोडणं ही त्यातली सर्वांत घातक रीत, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. या बायकांचं निरीक्षण मात्र पक्कं होतं. हगवण नेमक्या याच वयात येते, थंडीत जास्त येते, एकदा जोरात येऊन गेली की पुढची सौम्य असते: या तिन्ही गोष्टी पुढे प्रयोगशाळेने खऱ्या ठरवल्या. दातांचा मात्र तिच्याशी संबंध नव्हता. ज्या वयात दुधाचे दात फुटतात त्याच वयात आईकडून गर्भात मिळालेले प्रतिपिंड बाळाच्या रक्तातून ओसरत जातात आणि विषाणूला वाट मोकळी होते.

हा विषाणू माणसाला दिसला तो 1973 मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात. तोवर लहान मुलांच्या बहुतेक तीव्र हगवणीचं कारण डॉक्टरांना सापडत नसे. विष्ठेत जंतू शोधायचे, मिळाले नाहीत की प्रश्न तिथेच थांबायचा. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या लहान आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. नऊपैकी सहा मुलांच्या पेशींत गोल, कडेने आऱ्यांसारखी रचना असलेले कण दिसले. पुढच्या वर्षी इंग्लंडमधले टॉमस फ्लेवेट यांनी या चाकासारख्या रूपावरून त्याला रोटाव्हायरस हे नाव दिलं. मग जिथे जिथे शोध घेतला तिथे तो निघाला. श्रीमंत देशात, गरीब देशात, स्वच्छ घरात, झोपडीत. पाच वर्षांचं होईतोवर त्याची लागण झाली नाही असं मूल जगात जवळपास नसतंच. आजारी मुलाच्या एक ग्रॅम विष्ठेत तो अब्जावधींच्या संख्येने असतो आणि लागण व्हायला जेमतेम काही डझन कण पुरतात. त्यामुळे साबण, संडास, उकळलेलं पाणी या सगळ्याने इतर हगवणी कमी झाल्या, ही तेवढी झाली नाही.

तो आतड्यात काय करतो हे शेतकऱ्याच्या घरी समजावणं सोपं आहे. आतड्याच्या अस्तरावर बारीक अंकुरांची दाट रांग असते आणि अन्नपाणी शोषण्याचं काम अंकुरांच्या शेंड्याकडच्या पेशी करतात. विषाणू नेमक्या त्याच पेशी मारतो. गारपिटीत ज्वारीची कणसं झडावीत आणि खाली धाट उभं राहावं, तसं होतं. बुडाशी नव्या पेशी तयार होत असतात आणि चार-सहा दिवसांत अस्तर पुन्हा भरून येतं. त्या चार-सहा दिवसांत पाणी शरीरात राहत नाही, एवढाच सगळा धोका. म्हणून साखर-मिठाच्या पाण्याने लेकरू वाचतं. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. जलसंजीवनी विषाणूला मारत नाही. ती लेकराच्या शरीराला लढायला लागणारा वेळ मिळवून देते. तरीही लस येण्यापूर्वीच्या काळात भारतात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे 78,000 मुलं या एका विषाणूने जात असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज होता.

आता त्या निरोगी बाळाकडे येतो.

रोटाव्हायरस सापडल्यावर ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांत नवजात बाळांची विष्ठा तपासली जाऊ लागली आणि एक कोडं समोर आलं. चार-पाच दिवसांची बाळं, ज्या दिवसांत आपल्याकडे पाचवी पुजतात त्या वयाची, विषाणूने भरलेली होती आणि त्यांना काहीच होत नव्हतं. उलटी नाही, हगवण नाही, दूध पिणं चालू. बिशप यांच्या गटाने मेलबर्नमधल्या अशा बाळांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं आणि 1983 मध्ये निष्कर्ष मांडला. जन्मल्या जन्मल्या लागण झालेल्या बाळांना पुढे पुन्हा लागण झालीच, पण आजार तीव्र झाला नाही. ज्यांना नवजातपणी लागण झाली नव्हती त्यांना मात्र तो झाला.

या निष्कर्षाचं वजन समजायला तान्ह्याच्या प्रतिकारशक्तीबद्दलचा आपला समज तपासावा लागतो. आपण तिला ‘कमी’ म्हणतो. ती वेगळ्या कामासाठी बांधलेली असते, असं म्हणणं जास्त खरं आहे. नऊ महिने बाळ आईच्या शरीरात राहतं. आईच्या पेशी त्याला परक्या आणि त्याच्या आईला परक्या, तरी दोघांनी एकमेकांवर हल्ला करायचा नसतो. म्हणून गर्भातल्या बाळाच्या टी-पेशींचा कल सबुरीकडे असतो. जन्मानंतर तासाभरात त्याच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू वस्तीला येऊ लागतात. त्या प्रत्येकाशी झुंज सुरू केली तर आतडं सुजून जाईल. तिथेही सबुरीच कामी येते. या काळात राखण आईची असते. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून आयजीजी जातीचे प्रतिपिंड बाळाच्या रक्तात उतरतात. म्हणूनच सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाकडे ते फार थोडे असतात. जन्मानंतर चिकाच्या दुधातून आयजीए येतं आणि आतड्याच्या अस्तरावर पसरून विषाणूला तिथेच अडवतं. चीक पिळून टाकण्याची रीत आपल्याकडे ज्या घरांत होती त्या घरांनी बाळाची पहिली लस मातीत घातली, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

पण सबुरी म्हणजे झोप नव्हे. मेलबर्नच्या बाळांनी तेच दाखवलं. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात भेटलेला विषाणू त्यांच्या शरीराने लक्षात ठेवला होता.

दिल्लीत 1985-86 च्या सुमारास हेच पुन्हा दिसलं. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले बालरोगतज्ज्ञ महाराज किशन भान आणि त्यांचे सहकारी नवजात बाळांतल्या लागणीचा मागोवा घेत होते. तिथेही बाळांना लागण होती, लक्षणं नव्हती आणि पुढे तीव्र हगवणीपासून संरक्षण दिसत होतं. त्यांतल्या एका बाळाच्या विष्ठेतून वेगळ्या केलेल्या विषाणूला नोंदवहीतला क्रमांकच नाव म्हणून चिकटला: 116ई. ते बाळ कोण, कुणाचं, हे कुठे छापलेलं नाही आणि छापलं जाऊही नये. पण आज पाच थेंबांत जो विषाणू आहे, तो त्या बाळाच्या पोटातून निघालेल्या विषाणूचाच थेट वंशज आहे.

त्याची जनुकं तपासली तेव्हा कुळात आणखी एक पूर्वज निघाला. रोटाव्हायरसच्या पोटात जनुकांचे अकरा तुकडे असतात. 116ई मध्ये दहा तुकडे माणसाच्या विषाणूचे आणि एक गाईच्या विषाणूचा होता. कुठेतरी, कधीतरी, एकाच शरीरात दोन्ही विषाणू एकत्र आले आणि तुकड्यांची अदलाबदल झाली. गोठा आणि बाळंतिणीची खोली एका भिंतीला लागून असलेल्या देशात यात नवल नाही. त्याच सुमारास बंगळुरूमध्ये सी. दुर्गा राव यांच्या अभ्यासात नवजात बाळांत आणखी एक जात सापडली, आय-321. तिच्यात उलटं प्रमाण होतं: नऊ तुकडे गाईचे, दोन माणसाचे. दोन्ही जातींच्या लसीच्या चाचण्या झाल्या. बंगळुरूच्या जातीने बाळांच्या शरीरात पुरेसे प्रतिपिंड निर्माण केले नाहीत, दिल्लीच्या जातीने केले. लसींच्या इतिहासात गाय अशी पुन्हा पुन्हा भेटते. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवीची लस टोचली गेली. भारतातली ती पहिली नोंदलेली लस. तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव पुढच्या मुलांना, त्यांच्याकडून आणखी पुढे, असा माणसामाणसातून प्रवास करत पुण्याला आणि हैदराबादलाही पोहोचला. याच दोन शहरांकडे आपल्याला थोड्या वेळात परत यायचं आहे.

नवजात बाळाला हा विषाणू का चालतो आणि तरी आजारी का पाडत नाही? यावर बऱ्याच पुढे, 2010 नंतरच्या दशकात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या बाळांच्या नमुन्यांवर आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत मिळून उत्तराचा मोठा भाग हाती आला. आतड्याच्या पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात. नवजात बाळात त्या अजून अपुऱ्या असतात, वाढीबरोबर त्यांच्या टोकांवर रक्तगट ठरवणाऱ्या साखरा जोडल्या जातात. गाईकडून आलेला तो एक तुकडा ज्या प्रथिनाचा आहे, ते नेमकं या अपुऱ्या साखळ्यांना चिकटतं. म्हणून ही जात तान्ह्यांत सहज वस्ती करते. याहून अचंब्याची गोष्ट दुधाची. वेल्लोरमधल्या नवजातांतल्या तशाच जातीच्या विषाणूवर काम करताना दिसलं की आईच्या दुधातल्या काही साखरा त्याला अडवत नाहीत, उलट पेशीत शिरायला मदत करतात. आईचं दूध एका हाताने प्रतिपिंड देतं आणि दुसऱ्या हाताने या सौम्य पाहुण्याला वाट करून देतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं वाचवलं नाही.

प्रत्येक लागण शरीराला काय शिकवते, हे मोजणारे दोन अभ्यास या कुळात महत्त्वाचे आहेत. मेक्सिकोत 200 बाळांवर जन्मापासून दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. 1996 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार दोन लागणी होऊन गेलेल्या एकाही मुलाला पुढे मध्यम किंवा तीव्र हगवण झाली नाही. हाच हिशेब भारतात लागू पडेल असं सगळ्यांना वाटलं. वेल्लोरच्या वस्त्यांत गगनदीप कांग यांच्या गटाने 373 मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा केला आणि 2011 मध्ये चित्र वेगळं निघालं. सहा महिन्यांच्या आतच 56 टक्के बाळांना लागण होऊन गेली होती. पुन्हा पुन्हा लागण होत होती. तीन लागणींनंतरही मध्यम-तीव्र आजारापासून संरक्षण 79 टक्केच होतं. विषाणू तोच, शिकवण तीच, पण आपल्या लेकरांच्या आतड्यात ती तेवढी ठसत नव्हती. या एका निष्कर्षाने पुढच्या सगळ्या लसींकडून किती अपेक्षा ठेवायची, ते ठरवून टाकलं.

दरम्यान अमेरिकेत पहिली लस येऊन गेलीही होती. माकडाच्या विषाणूवर बेतलेली रोटाशील्ड 1998 मध्ये बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी मागे घेतली गेली, कारण सुमारे दहा हजारांत एका बाळाच्या आतड्याचा भाग दुसऱ्या भागात शिरत होता. ती लस बनवण्यामागे असलेले अल्बर्ट कापिकियन यांनी गाईच्या विषाणूवर बेतलेली दुसरी वाट आधीच धरली होती. इंग्लंडमधल्या एका वासराचा विषाणू घेऊन त्यात माणसाच्या विषाणूंचे तुकडे बसवायचे. जे दिल्लीच्या बाळात आपोआप घडलं होतं, तेच प्रयोगशाळेत ठरवून करायचं. या वाटेचे हक्क पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने घेतले आणि त्यातून रोटासिल ही भुकटीच्या रूपातली, उष्णतेत टिकणारी लस आली. दिल्लीची 116ई हैदराबादच्या भारत बायोटेककडे गेली आणि रोटाव्हॅक झाली. मुदखेड जंक्शनवरून एक रूळ निजामाबादमार्गे हैदराबादच्या दिशेने जातो, दुसरा नांदेड-मनमाडकडे. पोटासाठी आणि दवाखान्यासाठी आपल्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादला नाहीतर पुण्याला जात आली. लेकरांच्या तोंडातली लसही याच दोन शहरांतून आली.

रोटाव्हॅकची मोठी चाचणी 2011 मध्ये सुरू झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातलं वढू, अशा तीन ठिकाणी 6,799 बाळं त्यात होती. वढूचं काम केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राकडे होतं. डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात तिथल्या गावांत आरोग्यसेविका उभ्या केल्या होत्या. घरोघर जाऊन बाळ मोजायची, नोंद ठेवायची, विश्वास कमवायचा ही सवय तिथे आधीच होती. शिरूर तालुक्यातल्या त्या आयांनी लेकरं पुढे केली, हगवण लागली की कळवलं, नमुने दिले. या लसीचं कूळ सांगताना शास्त्रज्ञांच्या नावांशेजारी त्यांची जागा आहे, असं मला मनापासून वाटतं. 14 मे 2013 रोजी निकाल जाहीर झाले. तीव्र आजारापासून पहिल्या वर्षी 56.4 टक्के संरक्षण, दुसऱ्या वर्षी 48.9 टक्के.

श्रीमंत देशांत अशाच लसी 85-90 टक्क्यांच्या पुढे काम करतात. मग आपल्याकडे निम्मं का? वेल्लोरच्या मुलांनी याचं उत्तर आधीच सुचवलं होतं. आपल्या आयांच्या अंगात या विषाणूचे प्रतिपिंड भरपूर, कारण त्यांना तो आयुष्यभर भेटत राहतो. ते बाळात उतरतात आणि लसीतल्या विषाणूलाही दाबतात. बरोबर दिलेली तोंडावाटेची पोलिओ लस पहिल्या डोसाला काही प्रमाणात अडथळा करते. आतड्यातले जिवाणू, कुपोषण, सततच्या जंतुसंसर्गाने अस्तरावर आलेली सूज, हेही आहेच. रोटासिलचं उदाहरण बोलकं आहे. तीच लस आफ्रिकेतल्या नायजरमध्ये तीव्र आजाराविरुद्ध 66.7 टक्के परिणामकारक ठरली, भारतातल्या चाचणीत मुख्य विश्लेषणात 36 टक्के. इथल्या बाळाच्या पोटाची परिस्थिती लसीइतकीच निर्णायक असते, हे या आकड्यांतून कळतं.

दुधाचाही संशय घेतला गेला. लस देण्याआधी आणि नंतर अर्धा तास अंगावर पाजलं नाही तर लस जास्त लागू पडेल का, हे दिल्लीत तपासलं. काही फरक पडला नाही. म्हणून उपकेंद्रात आई विचारते, ‘सिस्टर, आत्ता पाजू का?’ तेव्हा खुशाल पाजावं, आधीही आणि नंतरही.

निम्मं संरक्षण हा शब्द ऐकून काहीजण लस टाळतात. पण ज्या आजाराने लाखो मुलं दवाखान्यात जातात, तिथे निम्मी मुलं सलाइनपासून वाचणं ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या जिल्ह्यात रात्री वाहन मिळेपर्यंत लेकराचे डोळे खोल जातात, तिथे तर आणखी मोठी. आतडं आतड्यात शिरण्याचा जुना धोका रोटाव्हॅकने वाढतो का, हेही भारतातल्या 27 रुग्णालयांत तपासलं गेलं. 2020 मध्ये आलेल्या निष्कर्षात तसा संबंध आढळला नाही.

मार्च 2016 मध्ये ओडिशा, आंध्र प्रदेश, हिमाचल आणि हरियाणा या चार राज्यांत ही लस सरकारी कार्यक्रमात आली. महाराष्ट्राचा नंबर 2019 मध्ये लागला. भान 26 जानेवारी 2020 रोजी गेले. आपल्या प्रसूतिगृहातल्या एका शांत लागणीचा देशभर झालेला प्रसार त्यांना पाहायला मिळाला.

कुळाची एक फांदी अजून वाढते आहे. मेलबर्नच्या नवजातांतल्याच एका जातीवरून बनवलेली लस इंडोनेशियात जन्मल्यानंतर लगेच देऊन पाहिली गेली. दीड वर्षापर्यंत तीव्र आजारापासून 75 टक्के संरक्षण मिळालं, उशिरा सुरू केलेल्या वेळापत्रकापेक्षा जास्त. पाचवीच्या आसपासचं बाळ शिकायला तयार असतं, हे बिशप आणि भान यांनी नुसतं पाहून ओळखलं होतं. आता ते वेळापत्रकात उतरण्याची शक्यता आहे. आपल्याकडे बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागल्याने बाळ त्या दिवशी सिस्टरच्या हाताशीच असतं. सहा आठवड्यांनी त्याला शोधावं लागतं.

शोधावं लागतं, हे आपल्या भागात फार खरं आहे. डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला आहेत. विषाणूचा जोर डिसेंबर ते फेब्रुवारी. नेमक्या याच महिन्यांत नांदेड, लातूर, बीडच्या तांड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर असतात. दसऱ्याच्या आसपास गाडी भरते, तेव्हा पोटाशी बांधलेल्या लेकराचा पहिला डोस झालेला असतो आणि दुसरा राहिलेला. कोपीवर पाणी ओढ्याचं, दवाखाना लांब, आई पहाटेपासून फडात. ज्या लेकराला या लसीची सर्वांत जास्त गरज, त्याचाच डोस सुटतो. यासाठी नवा शोध लागत नाही. कार्ड कोणत्याही जिल्ह्यात चालतं. सांगलीच्या किंवा कोल्हापूरच्या कारखान्याजवळच्या उपकेंद्रातही दुसरा डोस मिळतो. राहिलेला डोस राहिला तिथून पुढे द्यायचा असतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पहिला डोस एक वर्षाच्या आत झालेला असेल तर उरलेले दोन चार-चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करता येतात. टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी मुकादमाच्या यादीत माणसांची आणि कोयत्यांची नोंद होते. त्याच यादीत वर्षाखालच्या लेकरांची आणि त्यांच्या कार्डावरच्या शेवटच्या तारखेची नोंद व्हावी, आणि ती यादी कारखान्याकडच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचावी.